‘समजलं ना?’ विचारणं बंद : रुग्णशिक्षण प्रकल्पाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

आजपासून सुरुवात. आम्ही तिघी सिस्टर आणि एक डॉक्टर. काम एवढंच : ओपीडीत येणाऱ्या पेशंटला आम्ही जे सांगतो ते त्याच्यापर्यंत पोचतं का, ते बघायचं. पोचत नसेल तर सांगण्याची पद्धत बदलायची. मुदत तीन महिने, रोजच्या कामातूनच वेळ काढून.

आमच्याकडे केसपेपरवर मारायचा एक शिक्का आहे, ‘आरोग्य शिक्षण दिले’. तो उमटला की काम झालं असं धरतात. मीही वर्षानुवर्षं मारत आले. त्या शिक्क्यामागे नेमकं काय घडतं, ते आम्ही कधी बसून पाहिलेलं नाही.

१९७८ साली आल्मा-आटा (आजचं कझाकस्तानातलं अल्माटी) इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेत कमीत कमी काय काय असावं याची यादी झाली. त्यात पहिला मुद्दा आरोग्य शिक्षणाचा आहे. लसीकरण, साध्या आजारांवरचे उपचार, औषधं हे सगळं त्याच्यानंतर. शिकत असताना ही यादी आम्ही पाठ केली होती. कामावर मात्र क्रम उलटा होतो. बीपी झालं, इंजेक्शन झालं, गोळ्या हातात दिल्या, पेशंट उठून दारापाशी पोचला, की पाठमोऱ्या माणसाला आम्ही सूचना देत असतो.

६ फेब्रुवारी

ठरल्याप्रमाणे एकमेकींचं ऐकलं. एकीने काम करायचं, दुसरीने कोपऱ्यात बसून फक्त मुद्दे मोजायचे.

डायबेटिस नुकताच कळलेले एक काका होते. धाकट्या सिस्टरांनी त्यांना अगदी मनापासून सांगितलं. गोळी जेवणासोबत घ्या, मनाने बंद करू नका, गोड कमी करा, रोज चाला, पायाला जखम होऊ देऊ नका, डोळे तपासून घ्या, घाम फुटून थरथरायला लागलं तर लगेच साखर खा, तीन महिन्यांनी रक्त तपासायला या. आठ गोष्टी एका दमात, आणि त्यांत एकही चुकीची नाही. शेवटी “समजलं ना काका?” काका म्हणाले, “हो सिस्टर,” आणि उठले.

माझी पाळी आली तेव्हा माझे मुद्दे नऊ भरले.

काका नाही म्हणणार तरी कसे? मागे रांग उभी आहे, समोर सिस्टर घाईत आहेत, आजार कळल्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला एकच उत्तर चालतं आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांच्या २००३ सालच्या लेखात म्हटलं आहे की दवाखान्यात सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेच विसरतात, आणि जी आठवते तीही जवळपास निम्मी चुकीची आठवते. जितकं जास्त सांगावं तितका लक्षात राहणारा वाटा कमी होत जातो. म्हणजे आमचे आठ मुद्दे काकांना मदत करत नव्हते, एकमेकांना पुसून टाकत होते.

ठरवलं की एका भेटीत जास्तीत जास्त तीन गोष्टी. यावर आमच्यात वाद झाला, कारण काय गाळायचं हे कोणालाच सांगता येईना. पायांची काळजी गाळायची? डोळे गाळायचे? शेवटी डॉक्टरांनी सुचवलेली कसोटी सगळ्यांना पटली : पुढच्या भेटीपर्यंत जे माहीत नसल्यामुळे इजा होऊ शकते, ते आधी. काकांसाठी मग तीन गोष्टी निघाल्या : गोळी कशी घ्यायची, शुगर खाली गेली तर ओळखायचं कसं आणि करायचं काय, पुन्हा यायचं कधी. पाय आणि डोळे दुसऱ्या भेटीला. ते कायमचे राहून जाऊ नयेत म्हणून केसपेपरवर पेन्सिलने ‘बाकी : पाय, डोळे’ असं लिहायचं.

११ फेब्रुवारी

टीच-बॅक सुरू केलं. पद्धत पुस्तकात चार ओळींची आहे. आपण सांगितलेलं पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगायचं, चुकलं तर आपण वेगळ्या शब्दांत समजवायचं, बरोबर येईपर्यंत. चार ओळींपुढचं सगळं शब्दांवर अवलंबून आहे, हे आज पहिल्याच तासात कळलं.

मी एका दादांना म्हटलं, “आता तुम्ही सांगा बघू, मी काय सांगितलं?” त्यांचा चेहराच उतरला. “मी काय शाळेत आहे का सिस्टर?” त्यांचं बरोबर होतं. मी त्यांची परीक्षाच घेत होते. तपासायला हवं होतं ते माझं सांगणं.

दुपारी आम्ही तिघींनी बसून वाक्यं घडवली. मोठ्याने म्हणून पाहिली, एकमेकींवर. जी टिकली ती अशी :

“माझ्याकडून घाईत काहीतरी सुटतं. मी नीट सांगितलं का, ते मला बघायचंय. घरी विचारतील सिस्टर काय म्हणाल्या, तर काय सांगाल?”

“उद्या सकाळी उठल्यावर या दोन गोळ्यांचं काय कराल, मला जरा सांगता?”

दुसरं वाक्य मला जास्त आवडतं, कारण त्यात ‘उद्या सकाळ’ आहे. माणूस आठवून सांगत नाही, घरात उभा राहून सांगतो. आजच एक मावशी बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, “पण सकाळी मी पाचला कामावर जाते, तेव्हा खाणं नसतं.” गोळी खाण्यासोबत घ्यायची होती. ‘समजलं ना’ विचारलं असतं तर हो म्हणून गेल्या असत्या आणि पोटात आग पडली की आठवड्यात गोळी बंद केली असती.

१२ फेब्रुवारी

रांग लांबली, बाहेर कुरकुर झाली. दर पेशंटमागे दोन-तीन मिनिटं जास्त जाताहेत. तूर्त फक्त नवीन निदान, नवीन औषध आणि बदललेला डोस एवढ्यांनाच.

१९ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते सविस्तर लिहून ठेवते.

एक आजी, दोन महिन्यांपासून इन्शुलिनवर. शुगर उतरायचं नाव नाही. दर भेटीला डोस थोडा थोडा वाढत आलेला आणि आजही डॉक्टर वाढवणारच होते. इन्शुलिनचं पेन (पेनासारखं दिसणारं इंजेक्शनचं साधन) सुरू केलं त्या दिवशी केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘पेन वापरण्याचे प्रात्यक्षिक दाखवले.’

मी म्हटलं, “आजी, घरी घेता अगदी तसंच मला करून दाखवता का? मी मध्ये काही बोलणार नाही, नुसती बघते.” त्यांची इंजेक्शनची वेळ झालीच होती.

आजींनी पिशवीतून पेन काढलं. हात धुतलेले होते. नवी सुई सरळ धरून फिरवून बसवली. वरचं मोठं टोपण काढून बाजूला ठेवलं. डोस फिरवला, आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला, बरोबर होता. पोटावरची जागाही बरोबर. मग पेन टेकवलं, बटण पूर्ण दाबलं आणि ओठ हलवत दहापर्यंत मोजलं.

सुईवरचं आतलं छोटं टोपण तसंच होतं.

मोठ्या टोपणाच्या आत काडीएवढं बारीक दुसरं टोपण असतं, थेट सुईवर बसलेलं. ते काढल्याशिवाय सुई बाहेरच येत नाही. इन्शुलिन त्या टोपणात भरलं आणि पोटावर ओघळलं. आजींनी ते रुमालाने टिपलं. म्हणाल्या, “थोडं बाहेर येतंच.”

दोन महिने. डोस इतक्यांदा वाढवला आणि अंगात जवळजवळ काहीच गेलं नव्हतं.

कारण शोधायला वेळ लागला नाही. शिकवताना मी केंद्रातली सुरक्षित सुई वापरली होती. तिच्यावर आपोआप सरकणारं आवरण असतं, आतलं टोपण नसतंच. घरी वापरायला आजींना मिळाल्या त्या साध्या सुया. मी एक वस्तू दाखवली आणि त्या दुसरीच घेऊन गेल्या. त्यातून, दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब येतो का ते बघायचं असतं, ते मी सांगायचं राहून गेलं होतं. तेवढं जरी सांगितलं असतं तरी टोकाला थेंब न दिसल्याने पहिल्याच दिवशी शंका आली असती.

मी आजींना म्हटलं, “चूक तुमची नाही, माझी आहे. मी वेगळ्या सुईवर शिकवलं.” त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला वाटलं, टोचत नाही म्हणजे हल्लीच्या सुया चांगल्या निघाल्यात.”

डॉक्टरांना लगेच सांगितलं. आज टोपण काढायला शिकवून वाढलेल्या डोसवरच घरी पाठवलं असतं तर तो सगळा डोस पहिल्यांदाच अंगात गेला असता आणि शुगर धोकादायक खाली आली असती. डॉक्टरांनी डोस परत सुरुवातीच्या आकड्यावर आणला आणि शुगरची नोंद रोज ठेवायला सांगितलं. शुगर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, धडधड झाली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. हे आजींनी मला दोनदा सांगितलं, आणि सोबत आलेल्या मुलीने एकदा.

टोपण काढलेली सुई आजींनी आधी बोटाजवळ धरून पाहिली. “ही आत होती होय,” म्हणाल्या.

२० फेब्रुवारी

झोप नीट लागली नाही. सकाळी दोन नियम भिंतीवर लावले.

जी वस्तू घरी जाणार तिच्यावरच शिकवायचं.

डोस वाढवण्याआधी एकदा करून दाखवायला सांगायचं.

पेन वापरणाऱ्या सगळ्यांना स्वतःचं पेन आणि स्वतःच्या सुया घेऊन बोलावलं आहे.

२७ फेब्रुवारी

पेनवाले बरेचसे येऊन गेले. टोपणाचा प्रकार दुसऱ्या कोणाचा निघाला नाही. पण बाकी बरंच सापडलं. एक काका रोज बेंबीच्या डाव्या बाजूला, त्याच ठिकाणी टोचत होते. तिथे हाताला लागेल अशी मऊ गाठ झाली होती. “तिथे दुखत नाही सिस्टर,” हे त्यांचं कारण. दुखत नाही ते खरंच आहे, पण अशा गाठीतून इन्शुलिन नीट शोषलं जात नाही, कधी कमी तर कधी एकदम. आता पोट, मांड्या अशा जागा बदलायच्या आणि त्याच भागात टोचायचं झालं तरी आदल्या जागेपासून बोटभर लांब. गाठीवर त्यांचाच हात ठेवून दाखवलं. इतकी वर्षं त्यांनी ती कधी चाचपून पाहिली नव्हती. चांगल्या जागी टोचल्यावर तोच डोस जास्त लागू पडू शकतो, म्हणून त्यांनाही शुगर वरचेवर तपासायला सांगून डॉक्टरांकडे पाठवलं.

दुसऱ्या एक ताई बटण दाबलं की लगेच पेन उचलत होत्या. दहा आकडे मोजणं त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, त्यांना आठवत नाही. आम्हालाही नाही.

४ मार्च

बीपीचा आठवडा. गोळ्या बंद केलेले पेशंट शोधून त्यांच्याशी बोललो. रागावायचं नाही, फक्त कारण विचारायचं असं ठरवलं होतं. बहुतेकांचं कारण एकच, आणि ते त्यांच्या जागी उभं राहिलं तर अगदी तर्काला धरून आहे : काही होत नव्हतं म्हणून बंद केली. ताप उतरला की तापाची गोळी बंद करतात, तसंच. बीपी वाढलं तरी बहुतेकदा काहीच जाणवत नाही, ही एक गोष्ट आम्ही सोडून बाकी सगळं सांगत होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराची औषधं नेमाने घेणारे जेमतेम ५० टक्के असल्याचं म्हटलं आहे. पेशंट हट्टी असतात म्हणून हे होतं, असं मला आता वाटत नाही.

आणखी एक. पेशंटला घरी बीपी कसं मोजायचं ते शिकवताना लक्षात आलं की आम्ही स्वतः तसं मोजत नाही. पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात टेकवून हृदयाच्या पातळीला, मोजताना बोलायचं नाही, पट्टा दंडाला बसेल त्या मापाचा. आमच्याकडे पेशंट चालत येतो, स्टुलावर बसतो, पाय लोंबकळत असतात आणि पट्टा फुगत असताना आम्हीच त्याला तब्येत विचारतो. बघून शिकणाऱ्याने काय शिकायचं? आजपासून स्टूल काढलं, पाठीची खुर्ची ठेवली. पट्टा फुगायला लागला की मी ओठांवर बोट ठेवते आणि स्वतःही गप्प राहते.

११ मार्च

इनहेलर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र पाहिले गेले. इनहेलर बरोबर वापरणारे सरासरी ३१ टक्के, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा नाही. इतका काळ जगभर इनहेलर तोंडी समजावला जातोय, हेच याचं मूळ असावं असं मला वाटतं. पोहायला कोणी तोंडी शिकवत नाही.

म्हणून तोंड बंद, हात चालू. मी रिकाम्या इनहेलरवर करून दाखवते : हलवला, श्वास पूर्ण सोडला, इनहेलरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटले, दाबलं आणि हळूच खोल आत, मग दहा आकडे श्वास रोखला. मग पेशंट करतो. चुकलं तर मी पुन्हा करते, तो पुन्हा करतो. शाळेत जाणारा एक मुलगा दाबायचा आधी आणि ओढायचा नंतर, त्यामुळे औषधाचा ढग तोंडातून बाहेर. त्याला स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) दिला, तो लावल्यावर दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जुळवावं लागत नाही. तिसऱ्या खेपेला जमलं तेव्हा त्याच्या आईने सुटकेचा श्वास टाकला.

रोज घ्यायचा इनहेलर आणि धाप लागल्यावरचा इनहेलर यांत गोंधळ फार आहे. रोजच्याने लगेच बरं वाटत नाही म्हणून तोच सुटतो. दोन्हींवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात ‘रोज’ आणि ‘धाप’ लिहून देतोय. स्टेरॉइडच्या इनहेलरनंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंड येतं, हे ‘रोज’च्या इनहेलरच्या मागच्या बाजूला.

१४ मार्च

माहितीपत्रकं पुन्हा लिहायला घेतली. जुन्यातलं एक वाक्य : ‘औषधाचे सेवन विहित मात्रेत व नियमित अंतराने करणे अत्यावश्यक आहे.’ नवीन : ‘एक गोळी सकाळी ८ वाजता, एक रात्री ८ वाजता. रोज.’

एक बाबा पत्रक हातात घेऊन म्हणाले, “चष्मा घरी राहिला.” हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे, आणि दर वेळी चष्म्याचंच असतं असं नाही. मी पत्रक बाजूला ठेवलं, गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिले. बाबांनी पाकीट फिरवून पाहिलं आणि खिशात नीट घडी करून ठेवलं. यापुढे चित्र सगळ्यांनाच द्यायचं, म्हणजे ज्याला वाचता येत नाही तो वेगळा पडणार नाही.

२५ मार्च

एक सिस्टर रजेवर, गर्दी दुप्पट. आज एकालाही नीट शिकवलं नाही. शिक्काही मारला नाही.

महिन्याचा अहवाल मागणाऱ्यांनी विचारलं की या प्रकल्पाचे आकडे कुठल्या रकान्यात. रकाना नाही. किती इंजेक्शनं दिली, किती ड्रेसिंग केली, किती बीपी मोजलं, सगळ्याला रकाने आहेत. आजींचं टोपण कुठल्याही रकान्यात बसत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. जे मोजलं जात नाही त्याला वेळ दिला जात नाही, आणि मग ते पुन्हा दाराशी, पाठमोऱ्या माणसाला सांगितलं जातं.

८ एप्रिल

सिगारेट सोडायला सांगून सांगून थकलेलो ते दादा आज आले. दर वेळी आम्ही तोटे सांगतो, ते मान खाली घालतात. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली संवादाची रीत या वेळी वापरून पाहिली. तिचा गाभा असा की बदलाची कारणं आपण द्यायची नाहीत, समोरच्याकडून ऐकायची.

आधी विचारलं, “सिगारेटबद्दल जरा बोललं तर चालेल का?” ते चकित झाले, हो म्हणाले. मग, “सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, ० ते १० मध्ये?” म्हणाले, “तीन.” पूर्वी मी म्हटलं असतं, फक्त तीन? आज विचारलं, “तीन का? एक का नाही?” बराच वेळ गप्प होते. मी बोलायचं टाळलं, ते फार जड गेलं. मग म्हणाले, “नात मांडीवर बसत नाही. वास येतो म्हणते.”

मी काहीच जोडलं नाही. त्यांनीच विचारलं, सोडायला औषध मिळतं का. डॉक्टरांकडे पाठवलं.

१५ एप्रिल

गोळ्या मुलगी भरून देते आणि शिकवत होतो आम्ही वडिलांना. आता पहिला प्रश्न : “घरी औषधाचं कोण बघतं?” त्या माणसाला बोलावणं किंवा फोनवर घेणं.

२९ एप्रिल

शिक्का बंद झाला. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि केसपेपरवर त्या जागी एक मोकळी ओळ छापून घेतली, ‘पेशंटच्या शब्दांत’. माहिती दिली असं लिहायला तिथे जागाच नाही. पेशंट जे बोलला तेच लिहायचं, चुकीचं असलं तरी. पुढच्या भेटीला जी सिस्टर असेल तिने ती ओळ आधी वाचायची.

आजच्या काही ओळी इथे उतरवते.

आजी, इन्शुलिन : ‘दोन टोपणं. मोठं, मग छोटं. टोकाला थेंब दिसला की मगच.’ शुगर उतरते आहे, डोस अजून सुरुवातीचाच.

काका, डायबेटिस, तिसरी भेट : ‘पाय रात्री बघायचे, तळवे आरशात.’ पेन्सिलच्या ‘बाकी’तून पाय खोडले, डोळे राहिले आहेत.

ताई, बीपी : ‘डोकं दुखलं की गोळी घ्यायची.’ चुकीचं. पुन्हा सांगितलं, पुन्हा विचारलं, दुसऱ्यांदा ‘रोज सकाळी, दुखो न दुखो’ असं आलं, पण आवाजात खात्री नव्हती. सोमवारी बोलावलं आहे. येताना गोळ्यांचं पाकीट आणायला सांगितलंय, किती उरल्यात ते दोघी मिळून मोजू.